बोर्डाचं वय

पुलाला कुठे काही झालं की खातं सगळ्यात आधी पेंटरला बोलवायचं. इंजिनिअरचा नंबर त्याच्यानंतर, आणि गवंड्याचा लागलाच तर अगदी शेवटी. यात खात्याचा वेडेपणा नव्हता, चांगला मुरलेला शहाणपणा होता. गवंडी फार तर पूल दुरुस्त करील. पण पूल दुरुस्त केला म्हणजे जबाबदारी संपते थोडीच! उलट उद्या तीच दुरुस्ती उखडली तर पुन्हा तुम्हालाच धरणार. बोर्डाचं तसं नसतं. ‘पुढे धोका आहे. वाहन आपल्या जबाबदारीवर चालवावे’ एवढं लिहून बोर्ड रोवला, की मग पूल जाणे आणि वाहनवाला जाणे. छोटे साहेब मोकळे, मोठे साहेब मोकळे, मंत्री तर मुळातच मोकळे. एवढ्या थोरामोठ्यांना दोन ओळींत मोकळं करणारा माणूस खात्यात एकच होता, आणि त्याला बसायला साधी खुर्ची नव्हती. तो आवारातल्या पत्र्याच्या शेडमध्ये डांबराच्या रिकाम्या पिंपावर बसायचा.

पेंटर अंगाने वाळका, चष्म्यावर रंगाचे शिंतोडे, आणि नखांत वर्षानुवर्षांचा लाल रंग. तरुणपणी तो दुकानांच्या पाट्या रंगवायचा. अक्षर असं, की दुकानात माल नसला तरी पाटी बघून गिऱ्हाईक आत शिरावं. कुणाची वेलांटी वाकडी दिसली की भर रस्त्यात उभा राहून तो त्या पेंटरच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. मग छापील फलक आले आणि हाताने रंगवणाऱ्यांचे दिवस भरले. त्याच्या बरोबरीच्यांपैकी कुणी भाजी विकायला लागला, कुणी घरी बसून बायकोची बोलणी खायला लागला. हा मात्र रस्ते-पूल खात्याला चिकटला आणि टिकला.

छापील बोर्ड खात्यातही आले होतेच की. चकचकीत, अंधारात दिव्याच्या उजेडाने लखलखणारे. पण त्यांच्यात एक मोठीच खोट होती. ते नवे दिसत. आणि खात्याला बोर्ड लागायचा तो कायम जुना.

हे जरा समजावून सांगायला हवं. अडाणी माणसं आधी बोर्ड लावतात आणि अपघाताची वाट बघत बसतात. खातं असलं अडाणी नव्हतं. परिसरात वळणं इतकी, खड्डे इतके, कठडे तुटलेल्या मोऱ्या इतक्या, की सगळीकडे आधीच बोर्ड लावायचे म्हटलं तर रस्त्याच्या दोन्ही कडांना भिंतच उभी राहिली असती. त्यापेक्षा आधी अपघात होऊ द्यावा, म्हणजे बोर्डाची खरी गरज कुठे आहे ते आपोआप कळतं. मग चौकशीवाले यायच्या आत तिथे बोर्ड रोवावा. अट एवढीच, की तो आज रोवलाय असं वाटता कामा नये. गेली कित्येक वर्षं तो बिचारा ऊनपाऊस सोसत लोकांना सावध करतोय आणि लोकच मेले वाचत नाहीत, असं बघणाऱ्याला वाटलं पाहिजे.

शेडमध्ये याला ‘वय चढवणं’ म्हणत, आणि त्यात पेंटरचा हात धरणारा कुणी नव्हता. साहेबांचा निरोप यायचा, “वळणावरचा ट्रक. पाच वर्षांचा पाहिजे, संध्याकाळच्या आत.” पेंटर पहिल्यांदा विचारायचा, “तोंड कुणीकडे?” कारण मावळतीकडे तोंड असलेला बोर्ड लवकर विटतो, झाडाखालचा हिरवट पडतो, आणि हमरस्त्याचा खालून काळा होतो. मग तो बारीक पॉलिश पेपर घेऊन अक्षरांचा ताजेपणा उतरवायचा. कार्यालयातल्या चहाचा चोथा पुन्हा उकळून त्याचं पाणी वरून ओघळू द्यायचा. राख फुंकायची, झाडूने चिखल झाडायचा, नटबोल्टांभोवती डिंकात कालवलेली गंजाची पूड बसवायची. सगळ्यात शेवटी, चुन्यात थोडी राख घालून कावळ्याने केल्यासारखे दोन ठिपके. हे ठिपके म्हणजे त्याची खास सही. शिवाय खांब रोवून झाला की शेजारचं गवत मुळासकट उचलून बुडाशी लावायचं आणि वर तांब्याभर पाणी घालायचं.

एकदा मात्र त्याच्याकडून मोठी चूक झाली. बांधून जेमतेम दोन वर्षं झालेल्या पुलाला त्याने दहा वर्षांचा बोर्ड लावला. लावून आल्यावर ते लक्षात आलं. पण चौकशी अधिकारी आले, बोर्ड बघून माना डोलावल्या आणि ‘सूचना फलक फार जुना व सर्वपरिचित’ असं लिहून गेले. पूल त्यांनी बघितलाच नव्हता. तो बघायला कोण येतं?

मनाला कधी काही लागायचं का? खोटं कशाला बोला, नाही लागायचं. बायको घरी शिवणकाम करायची. ती मशीन थांबवून एकदा म्हणाली होती, “अहो, ज्याचा ट्रक उलटला त्याच्या घरचे काय म्हणत असतील?”

“काय म्हणणार? म्हणत असतील, बोर्ड होता तरी याला दिसला नाही.”

“पण नव्हता ना!”

“ते त्यांना कुठे माहितीय? आणि मी फक्त रंगवतो. सांगतात ते लिहितो.”

बायकोने मशीनला पुन्हा पाय लावला. तिला वाटायचं, या माणसाला अक्षर दिसतं, मजकूर दिसत नाही.

आता नदीवरच्या मोठ्या पुलाविषयी. नदीच्या अलीकडे एक कार्यालय आणि पलीकडे दुसरं, आणि पूल दोघांत अर्धा अर्धा वाटलेला, भावाभावांत घर वाटावं तसा. अलीकडचा अर्धा कठडा काळा-पांढरा, पलीकडचा काळा-पिवळा. लांबलचक पूल एकसंध ओतता येत नाही. उन्हाने काँक्रीट फुगतं, म्हणून मधे फट ठेवून तिच्यावर लोखंडी पट्टी बसवतात. तो सांधा. वाटणी करताना सांधा कुणाकडे हे लिहायचं राहून गेलं, आणि तेव्हापासून तो बिनवारशाचा झाला. दोन्हीकडचे रंगारी सांध्यापाशी आले की ब्रश उचलत, त्यामुळे तेवढा वीतभर कठडा कोराच राहिला होता. पट्टीचे बोल्ट निघाले तेव्हा अलीकडच्यांनी पलीकडच्यांना कळवलं. पट्टी वाजायला लागली तेव्हा पलीकडच्यांनी अलीकडच्यांना कळवलं. शेवटी पट्टी एक दिवस कुणीतरी भंगारात घातली, तेव्हा कळवाकळवीला खरा रंग चढला. फटीत स्कूटरचं चाक जाईल एवढी जागा झाली आणि तिच्यातून खालची नदी दिसायला लागली.

पेंटरची एकुलती एक लेक बस चालवायची. लहानपणापासून तिला दुसरं काही सुचलं नव्हतं. आई म्हणायची शिवणकाम शीक, बाप म्हणायचा अक्षर सुधार, आणि पोरगी म्हणायची मला मोठं चाक फिरवायचंय. परवाना मिळाला तेव्हा बापाने तिच्या स्कूटरवर लाल रंगात ‘चालक’ असं झोकात लिहून दिलं होतं. लग्न होऊन ती पलीकडे गेली. नवरा शाळेत विज्ञान शिकवायचा. आगार अलीकडे, म्हणून ती रोज स्कूटरने पूल ओलांडून यायची आणि मग बस घेऊन तोच पूल दिवसभर पालथा घालायची.

“बाबा, तो सांधा बघितलात का? बसचं चाक आपटतं हो. तुमच्या साहेबांच्या कानावर घाला की.”

“घालतो,” म्हणून पेंटरने एकदा खरंच घातलं. साहेब म्हणाले, “तो आपला नाही.” पेंटरने लेकीला तेच सांगितलं, आणि आपण आपलं काम केलं असं समजून हात धुतले.

एका दुपारी छोटे साहेब स्वतःच शेडमध्ये आले. साहेब शेडमध्ये आले म्हणजे त्यांची पाचावर धारण बसलेली असायची.

“पेंटर, हातातलं टाक. पुलावर स्कूटर पडलीय. सांध्यात. पलीकडून येत होती, म्हणजे पलीकडच्या टोकाला बोर्ड पाहिजे. त्यांच्या साहेबांचा आत्ताच फोन होता.”

“पलीकडचा? मग आपण कशाला?”

“त्यांच्याकडे पेंटर नाही. तुला उसना मागितलाय.”

इतक्या वर्षांत दोन्ही कार्यालयांचं ज्या एका गोष्टीवर एकमत झालं, ती ही.

“किती वर्षांचा करू?”

“कर चार-एक वर्षांचा. पण नीट कर हां. बाई शुद्धीवर आहे म्हणे.”

“बरंच झालं की.”

“काय बरं झालं? शुद्धीवर आहे म्हणजे बोलणार!”

बाई, स्कूटर, पूल. कुणाच्याही काळजात चर्र झालं असतं. पेंटरच्या नाही झालं, कारण त्याच्या लेकीची पाळी सकाळची. ती तर कधीच बस घेऊन गेली असणार. त्या आठवड्यात पाळी बदलल्याचं घरी बोलणं झालं होतं, पण घरी बोललेलं ऐकायची त्याला सवय नव्हती. फोन त्याने नेहमीसारखा शेडच्या खिडकीत ठेवला, रंगाचा हात लागायला नको म्हणून. आणि मग त्या बोर्डात त्याने जीव ओतला. शुद्धीवर असलेल्या बाईसमोर टिकायचा होता तो! ओघळ असे उतरवले, की कुणालाही वाटावं चार पावसाळे यावरून गेलेत. खात्याच्या जीपमधून जाऊन त्याने तो पलीकडच्या टोकाला रोवला, गवत लावलं, चार पावलं मागे सरून डोळे बारीक करून बघितलं आणि स्वतःवरच खूश झाला. परत येताना सांध्यापाशी आरशाच्या काचा पडल्या होत्या. कुणाच्या टायरला लागू नयेत म्हणून त्याने जीप थांबवून पायाने त्या बाजूला सारल्या. माणूस वाईट नव्हता.

शेडमध्ये येऊन फोन बघितला, तर बायकोचे इतके फोन येऊन गेले होते की रंगाच्या हातानेच त्याने तिला उलट फोन लावला.

दवाखान्यात लेकीचा हात गळ्यात बांधलेला होता आणि कपाळावर टाके होते. हेल्मेट होतं म्हणून डोकं वाचलं. बापाला बघून ती म्हणाली, “बाबा, तो सांधाच.” पेंटर कॉटचा गज धरून उभा राहिला. त्याच्या नखांखाली तिच्या बोर्डाचा लाल रंग अजून ओला होता. हात मागे घेऊन त्याने एवढंच विचारलं, “दुखतंय का गं?”

चौकशी झाली. अधिकारी छत्री घेऊन आले, बोर्डाभोवती फिरले, कावळ्याच्या ठिपक्यांकडे बघून त्यांनी नाकाला रुमाल लावला. पुलाच्या तोंडाशी बसणाऱ्या पंक्चरवाल्याला विचारलं, “हा बोर्ड कधीपासून आहे?” पंक्चरवाल्याने बोर्ड आयुष्यात पहिल्यांदाच बघितला होता, पण साहेबासमोर ‘माहीत नाही’ म्हणायला त्याची जीभ रेटेना. “हा होय? जुनाच आहे हो. मी लहानपणापासून बघतोय,” त्याने ठोकून दिलं. अहवाल आला: फलक किमान चार वर्षांपासून उभा, सूचना ठळक, सबब चूक सर्वस्वी वाहनचालकाची. सांध्याबद्दल एकही ओळ नव्हती. सांधा कुणाचाच नव्हता, तर त्याच्याबद्दल लिहिणार कुणाच्या वतीने?

इथपर्यंत सगळं खात्याच्या रीतीप्रमाणे झालं. रीत मोडली ती बससेवेच्या डॉक्टरांनी. त्यांनी लेकीला विचारलं, “बोर्ड होता का?” ती म्हणाली, “नव्हता.” डॉक्टरांनी अहवालातला फोटो पुढे धरला. “ज्या रस्त्यावरून तुम्ही रोज दहा वेळा जाता, तिथला चार वर्षांचा बोर्ड तुम्हाला आठवत नाही?” ती म्हणाली, “नव्हताच, तर आठवेल कसा?” डॉक्टरांनी मान हलवली. डोक्याला मार, स्मरणशक्तीत बिघाड, बस चालवण्यास अयोग्य. खांदा जुळेपर्यंत घरी बसा, नंतर बसची वेळ सांगायच्या खिडकीत बसा.

ती संध्याकाळी आईबापाकडे आली. भांडत आली असती तर बरं झालं असतं. ती शांत होती.

“बाबा, तुमचं जाणंयेणं असतं तिकडे. तुम्ही खरं सांगाल. पलीकडच्या टोकाला बोर्ड आहे?”

बाप भिंतीकडे बघत म्हणाला, “आहे.”

“जुना आहे?”

“दिसतो जुना.”

ती ढसाढसा रडायला लागली. “म्हणजे माझ्याच डोक्यात बिघाड झालाय. हे आपले भांडत बसलेत, पुन्हा चौकशी करा म्हणून अर्जांवर अर्ज टाकतायत. मी सांगते त्यांना, नका टाकू. बसमध्ये माझ्या मागे पन्नास माणसं असतात, आई. समोर असलेलं मला दिसेनासं व्हायला लागलं तर? नकोच ते चाक.”

ती गेल्यावर बायकोने मशीनवरचं कापड बाजूला केलं. “अहो, त्या दिवशी दवाखान्यात आलात तेव्हा तुमच्या शर्टाला चहाच्या पाण्याचा वास येत होता. कुठला बोर्ड केलात त्या दिवशी?”

पेंटर नखांतला लाल रंग खरवडायला लागला.

“पोरीला वेडी ठरवलंत तुम्ही,” ती म्हणाली. “खात्याने नाही. तुम्ही.” आणि त्या रात्रीपासून तिने त्याला ‘अहो’ म्हणणंसुद्धा सोडून दिलं. घरात नुसती मशीन बोलायची.

सकाळी पेंटर छोट्या साहेबांसमोर उभा राहिला. “साहेब, बोर्ड त्या दिवशी आपण लावला. लिहून द्या तसं. ती माझी लेक आहे हो.”

साहेबांना खरंच वाईट वाटलं. त्यांनी त्याला खुर्ची दिली, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. “पेंटर, बापाचं काळीज मला समजतं. पण म्हणून लेकीसाठी खोटं बोलायचं? तुझ्यासारख्या सरळ माणसाने?”

तो पलीकडच्या साहेबांकडे गेला. ते म्हणाले, “आमच्या हद्दीतला बोर्ड अलीकडचा पेंटर कसा काय लावेल? काहीतरीच बोलू नका.” तो चौकशी अधिकाऱ्यांच्या पाया पडला. त्यांनी फोटो मोठा करून दाखवला. “हे गवत बघा. हे ओघळ बघा. हे एका दुपारचं काम आहे? आम्ही काय दुधखुळे आहोत?” आयुष्यभरात त्याच्या कामाची एवढी तारीफ कुणी केली नव्हती, आणि ती ऐकताना त्याला भोवळ यायची बाकी होती. सगळ्यांना खोटं पटवायला त्याला एक दुपार लागली होती. खरं पटवायला तो दारोदार हिंडत होता आणि एक माणूस मिळत नव्हता.

जावई मात्र चिकट निघाला. बायको नको म्हणत असतानाही तो अर्ज टाकत राहिला, आणि शेवटी खातं त्याच्या अक्षराला कंटाळलं. फेरचौकशी लागली, थेट पुलावर. चौकशी अधिकारी आले, दोन्हीकडचे साहेब आले, बससेवेचे डॉक्टर आले, आणि खात्याच्या जीपमध्ये मागे बसून पेंटरही आला. लेक यायला तयार नव्हती. नवऱ्याने तिला जवळजवळ ओढत आणलं. ती कठड्याला टेकून उभी राहिली, कुणाकडे न बघता.

अधिकाऱ्यांनी सुरुवातीलाच विचारलं, “हा सांधा कुणाकडे येतो?” अलीकडचे साहेब एक पाऊल अलीकडे सरकले, पलीकडचे एक पाऊल पलीकडे. मधे नुसती फट राहिली. अधिकाऱ्यांनी तो विषय तिथेच सोडला आणि सगळ्यांना घेऊन ते पलीकडच्या टोकाला बोर्डापाशी आले. “असा बोर्ड एका दुपारी होणं शक्य नाही, हे आम्ही मागेच सांगितलंय.”

“करून दाखवतो,” पेंटर म्हणाला.

त्याने जीपच्या मागून नवा बोर्ड काढला. तेच शब्द, तेच अक्षर, कोरा करकरीत. “मागे सही करा साहेब, म्हणजे बदलला म्हणायला नको.” अधिकाऱ्यांनी हसत हसत सही केली. त्यांना हा पोरखेळ वाटत होता. पेंटर रस्त्याच्या कडेला मांडी घालून बसला. पिशवीतून पॉलिश पेपर निघाला, चहाच्या पाण्याची बाटली निघाली, राख, गंजाची पूड, चुना. सुरुवातीला चहाचं पाणी भलतीकडेच वाहिलं. मग पहिला ओघळ नीट उतरला आणि हात आपोआप चालायला लागले. किती झालं तरी कारागीर होता. आजूबाजूला कोण उभं आहे, आपण इथे कशाला आलोय, हे सगळं तो विसरला. ओठांतल्या ओठांत काहीतरी गुणगुणायला लागला. आणि मान वर न करता, नेहमीच्या सवयीने त्याने विचारलं, “किती वर्षांचा करू, साहेब?”

“चार,” अधिकारी बोलून गेले.

दोन्हीकडचे साहेब नदीकडे बघायला लागले. लेक मात्र बापाकडे बघत होती, त्या चालणाऱ्या हातांकडे.

दुसरा बोर्ड पहिल्याच्या शेजारी उभा राहिला तेव्हा अधिकाऱ्यांचं हसू मावळलं होतं. त्यांनी पंक्चरवाल्याला हाक मारली. “यातला जुना कुठला?” पंक्चरवाल्याने दोन्ही बोर्ड निरखून बघितले आणि आत्ताच झालेल्या बोर्डावर ठामपणे बोट ठेवलं. “हा. मी लहानपणापासून बघतोय.”

डॉक्टरांनी तिथेच, जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून लिहून दिलं: स्मरणशक्ती उत्तम, बस चालवण्यास योग्य. जावयाने तो कागद घडी करून खिशात घातला. लेक बापाजवळ आली. तो राखेचे हात पुसत उठला होता, तोंडावर थोडंसं हसू होतं, पोरीचं चाक परत मिळवल्याचं.

“मी घरी येऊन विचारलं होतं, बाबा,” ती म्हणाली. “तुम्ही खरं सांगाल म्हणून.”

त्याचं हसू तिथेच विरलं.

फेरचौकशीचा अहवाल यथावकाश आला, आणि खात्याच्या इतिहासात प्रथमच मोठ्या पुलाबाबत जबाबदार माणूस सापडला. पेंटर. सरकारी पत्रा, सरकारी रंग आणि कार्यालयीन चहाचा चोथा वापरून त्याने स्वतःच्या डोक्याने हा उद्योग केला, साहेबांना याची सुतराम कल्पना नव्हती. त्याला निलंबित करण्यात आलं. सांधा कुणाचा हे ठरवायला दोन्ही कार्यालयांची मिळून एक समिती नेमली, तिची पहिली बैठक अलीकडे घ्यायची की पलीकडे यावर घोडं अडलं. तोवर खबरदारी म्हणून दोन्ही टोकांना बोर्ड लागले. छापील, चकचकीत. आता वय चढवणारं कुणी नव्हतं.

लेक पुन्हा बस चालवायला लागली त्याला आठवडा झाला असेल. पेंटर दुपारी पुलापलीकडच्या थांब्यावर येऊन उभा राहिला आणि बस आल्यावर चढला. तिच्या मागचीच जागा रिकामी होती. त्याला काही बोलायचं होतं, क्षमा मागायची होती, पण पुलावर चढेपर्यंत शब्द जुळेनात. सांधा जवळ आला तसा तिने वेग कमी केला. पुढचं चाक फटीत हळूच उतरलं, वर आलं, आणि मागून लोक कुरकुरायला लागले.

“बाबा,” आरशात न बघता ती म्हणाली, “माझ्याआधी किती जण होते?”

पेंटर आठवायला लागला. त्याला बोर्ड लख्ख आठवत होते. वळणावरचा पाच वर्षांचा, मोरीवरचा झाडाखालचा हिरवट, नव्या पुलावरचा दहा वर्षांचा. कुठल्याचं तोंड कुणीकडे, कुठल्याच्या बुडाशी कसलं गवत, तेसुद्धा आठवत होतं. माणूस मात्र एकही आठवेना. त्याने कधी विचारलंच नव्हतं.

“माहीत नाही गं,” तो म्हणाला. “वळणावर एक ट्रक उलटला होता, एवढंच.”

मागचं चाक फटीत आपटलं. तिने बस अलीकडे काढली, पहिल्या थांब्यावर उभी केली आणि दार उघडलं.

“मग इथेच उतरा,” ती म्हणाली. “ते वळण इथून जवळ आहे. तिथे कोण पडलं होतं ते विचारून या. मी परतीच्या फेरीला थांबते.”